वर्डमधला मजकूर बाहेरच्या एडिटरमधे नेणं आणि फॉरमॅटिंग न मोडता परत आणणं

प्रश्न थोडक्यात असा आहे: मराठी पुस्तकाचं तीनशे पानांचं हस्तलिखित वर्डमधे आहे, तळटिपा आहेत, ठळक-तिरपं आहे, मधेमधे कविता आहेत, आणि सरसकट साफसफाई करायला नोटपॅड प्लस प्लससारखा टेक्स्ट एडिटर हवाय. कॉपी-पेस्ट करून आणलं की फॉरमॅटिंग उडतं. तर वर्डमधेच एक बटण दाबलं की सिलेक्ट केलेला मजकूर एडिटरमधे उघडावा आणि तिथलं काम झालं की तो जागच्या जागी परत यावा, असं काही करता येतं का?

येतं. मी मराठी पुस्तकांच्या फायलींवर हेच करत आलोय आणि मनापासून सांगतो, नेणं हा मुळी प्रश्नच नाही. नेणारा मॅक्रो, म्हणजे वर्डकडून आपोआप काम करून घेणारा छोटा प्रोग्राम, दहा-पंधरा ओळींचा असतो, शोधलात तर तयारही मिळेल, आणि तयार मिळणाऱ्यांपैकी बहुतेक परत येताना सिलेक्ट केलेला अख्खा भाग पुसून तिथे साधा मजकूर ओततात, म्हणजे तुम्ही हाताने कॉपी-पेस्ट करून जे नुकसान करत होतात तेच बटण दाबून करायचं. खरं काम परत आणण्यात आहे आणि त्याचा नियम एकच, जो पॅरा बदलला नाही त्याला हात लावायचा नाही आणि जो बदलला त्यातला फक्त बदललेला तुकडा बदलायचा. बाकी सगळं या नियमाला धरून येतं.

आधी हे बघा की बाहेर जायची गरज आहे का. लिब्रेऑफिस रायटर वापरत असाल तर त्याच्या शोधा-बदला खिडकीतच पूर्ण रेजेक्स, म्हणजे ठरावीक शब्दाऐवजी नमुना देऊन शोधायची पद्धत, आहे, फक्त ते एका पॅराच्या आतच चालतं, दोन पॅरा ओलांडून शोधता येत नाही, आणि त्यासाठीही ऑल्टसर्च नावाचं एक्स्टेन्शन मिळतं. वर्डची गोष्ट वेगळी. तिथे 'यूज वाइल्डकार्ड्स' म्हणून जे आहे त्यात 'हे किंवा ते' असा पर्याय देता येत नाही, 'असेल किंवा नसेल' असं सांगता येत नाही, आणि शोधायचा नमुना २५५ अक्षरांपेक्षा मोठा चालत नाही. मराठीच्या साफसफाईला हे तिन्ही लागतं, म्हणून वर्डवाल्यांना बाहेर जावंच लागतं.

मराठीत एवढी साफसफाई कसली असते असं इंग्रजीवाल्यांना वाटतं, म्हणून एक उदाहरण जवळून बघू. 'आचाऱ्यांना' हा शब्द घ्या, स्वयंपाक करणारे आचारी. यातला अर्धा र दोन प्रकारे टाइप झालेला असतो. एक प्रकार म्हणजे ऱ, म्हणजे युनिकोडमधलं २३५३ नंबरचं अक्षर, त्याला हलन्त आणि पुढे य. दुसरा म्हणजे साधा र, हलन्त, मग झिरो विड्थ जॉइनर नावाचं एक न दिसणारं चिन्ह ज्याचा नंबर ८२०५, आणि पुढे य. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात, छापूनही सारखेच येतात, पण एका पद्धतीने शोधलं तर दुसऱ्या पद्धतीचे सापडत नाहीत. एका पुस्तकात दोन टायपिस्टनी काम केलं असेल, किंवा अर्धं मोबाइलवर आणि अर्धं कॉम्प्युटरवर झालं असेल, तर हे दोन्ही प्रकार हमखास मिसळलेले मिळतात. आणि मग कोणीतरी उत्साहाने 'अदृश्य कचरा काढा' म्हणून सगळे झिरो विड्थवाले एका फटक्यात उडवतो आणि दुसऱ्या पद्धतीने लिहिलेले सगळे 'आचाऱ्यांना' हे 'आचार्यांना' होऊन बसतात. स्वयंपाकघरातली माणसं गुरुकुलात जाऊन बसली, आणि स्पेलचेक काही बोलणार नाही कारण दोन्ही शब्द बरोबरच आहेत. दऱ्या-दर्याचं तेच. म्हणून क्रम असा ठेवायचा की आधी र-हलन्त-जॉइनर या तिघांच्या जागी ऱ-हलन्त करायचं, आणि ते पूर्ण झाल्याशिवाय बाकीच्या जॉइनरना हात लावायचा नाही. तरीही सगळे उडवू नका, काही ठिकाणी जोडाक्षर न जुळता सुटं दिसावं म्हणून लेखकाने मुद्दाम ठेवलेले असतात, ते एकेक बघायचे.

तसंच ॲचं. 'ॲप'मधला ॲ हे आता स्वतंत्र अक्षर आहे, २४१८ नंबरचं, युनिकोडमधे ते २००८ साली ५.१ आवृत्तीत आलं. त्याआधीच्या फायलींत, आणि कितीतरी कीबोर्डवर अजूनही, अ आणि त्यावर चंद्र असे दोन तुकडे जोडून 'अॅ' केलेला असतो. ऑचेही असेच अवतार सापडतात. सूची करताना, अकारविल्हे लावताना, ई-बुकमधे शोधताना हे सगळं आडवं येतं. विसर्गाच्या जागी कोलन दाबलेला असणं तर विचारूच नका, त्यावर पुढे येतो.

आता वर्डमधून नेण्याची रचना. दोन पद्धती आहेत. एकात मॅक्रो एडिटर उघडतो आणि तो बंद होईपर्यंत थांबून राहतो, मग आपोआप परत घेतो. दुसऱ्यात दोन बटणं असतात, एक 'ने' आणि एक 'आण'. सुरुवातीला सगळ्यांना पहिली आवडते पण माझं स्पष्ट मत दुसरीच्या बाजूने आहे. पहिल्या पद्धतीत एडिटर उघडा असेपर्यंत वर्ड गोठून राहतं, वर जाऊन मूळ मजकुरात एक संदर्भ बघायचा म्हटलं तरी बघता येत नाही, आणि पुस्तकाच्या कामात ते सतत लागतं. शिवाय वीबीए, म्हणजे वर्डचे मॅक्रो ज्यात लिहितात ती भाषा, तिच्यातली शेल ही आज्ञा मुळात थांबतच नाही, एडिटर सुरू करून लगेच पुढे जाते, त्यामुळे तुम्ही काही करायच्या आतच मॅक्रो फाइल परत वाचून मोकळा होतो. थांबवायचंच असेल तर विंडोज स्क्रिप्टिंगमधल्या डब्ल्यूस्क्रिप्ट शेलची रन आज्ञा घ्यायची आणि तिसऱ्या जागी 'ट्रू' द्यायचं. पण तिथेही नोटपॅड प्लस प्लस आधीच उघडा असेल तर नवीन प्रत उघडत नाही, फाइल जुन्या खिडकीकडे सोपवून नवीन प्रोसेस लगेच संपते आणि वर्डला वाटतं काम झालं. त्यावर एडिटर उघडायच्या आज्ञेत मल्टीइन्स्टचा स्विच, म्हणजे एक जादा सूचना, द्यावा लागतो. व्हीएस कोड आणि सब्लाइमला वेटचा स्विच, जीव्हिमला लिनक्सवर नोफोर्कचा. दोन बटणांच्या पद्धतीत यातलं काहीच लागत नाही, एडिटर कुठलाही असो, कधीही उघडा, चहा पिऊन या.

दोन बटणांत एकच धोका, मधल्या वेळात कोणी वर्डमधे काही बदललं तर. त्याची सोय सोपी आहे. 'ने' दाबलं की मॅक्रोने तीन गोष्टी करायच्या. सिलेक्ट केलेल्या भागाला एक बुकमार्क लावायचा, म्हणजे परतीची जागा पक्की राहते, तुम्ही वर चार पानं वाढवलीत तरी बुकमार्क मजकुरासोबत खाली सरकतो. मग तोच मजकूर दोन फायलींत लिहायचा, एक 'मूळ' आणि एक 'काम', आणि एडिटरमधे फक्त 'काम' उघडायची. 'आण' दाबलं की आधी बुकमार्कमधला आत्ताचा मजकूर 'मूळ' फायलीशी ताडून बघायचा, तंतोतंत जुळला तरच पुढे जायचं, नाहीतर निरोप दाखवून थांबायचं. एवढ्या एका तपासणीने पुढचे अर्धे प्रसंग टळतात.

फाइल लिहिताना मराठीवाल्यांची पहिली अडचण म्हणजे प्रश्नचिन्हं. वीबीएची ओपन आणि प्रिंट ही जुनी जोडी सिस्टीमच्या जुन्या कोडपेजमधे, म्हणजे मोजक्याच अक्षरांच्या तक्त्यात, लिहिते, त्यात देवनागरी नसतं, म्हणून सगळ्या अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग येते. त्याऐवजी एडीओडीबी स्ट्रीम हे विंडोजमधलं फाइल लिहिण्या-वाचण्याचं साधन वापरायचं आणि कॅरेक्टर सेट यूटीएफ-८, म्हणजे युनिकोड साठवायची नेहमीची पद्धत, असा सांगायचा, वाचतानाही तोच. हा स्ट्रीम फायलीच्या सुरुवातीला तीन बाइटची बॉम नावाची खूण टाकतो, नोटपॅड प्लस प्लस ती ओळखतो आणि तुम्ही एन्कोडिंग बदललं नाहीत तर तशीच ठेवतो, तेव्हा ती बदलू नका. दुसरी अडचण म्हणजे वीबीएच्या कोडच्या खिडकीतच देवनागरी नीट टाइप होत नाही, म्हणून मॅक्रोत अक्षरं आकड्याने लिहावी लागतात, वर मी २३५३ आणि ८२०५ असे नंबर दिले ते त्यासाठीच, हलन्त २३८१ आहे, विसर्ग २३०७. लिब्रेऑफिसवाल्यांनी पायथॉनमधे मॅक्रो लिहावा, तिथे हे दोन्ही त्रास नाहीत, मजकूर सरळ यूटीएफ-८ मधे लिहिला-वाचला जातो आणि कोडमधे मराठीही चालतं.

मग येतात वर्डची आतली चिन्हं. वर्डमधे पॅराचा शेवट म्हणजे फक्त १३ नंबरचं चिन्ह, विंडोजच्या टेक्स्ट फायलीत असतात तशी १३ आणि १० ही जोडी नाही. तेव्हा नेताना जोडी करायची आणि आणताना परत एक करायचं, आणि एडिटरने फक्त १० ठेवून सेव्ह केलं असेल तर तेही चालवून घ्यायचं. कवितेच्या ओळींना शिफ्ट-एंटर मारलेला असतो, ते ११. पान तोडलेलं असेल तर १२. टेबलातल्या प्रत्येक घराच्या शेवटी १३ आणि ७. तळटिपेचा आकडा जिथे दिसतो तिथे आत फक्त २ नंबरचं एक चिन्ह असतं, आणि ते चिन्ह पुसलं की खालची अख्खी तळटीप त्याच्याबरोबर जाते. एडिटरमधे ही सगळी चिन्हं काळ्या चौकटीत दिसतात किंवा दिसतच नाहीत, आणि मग चुकून पुसली जातात.

मी यांना दिसणारी रूपं देतो. शिफ्ट-एंटरच्या जागी ⏎, तळटिपेच्या जागी ⟦टीप⟧, आणि येताना उलटं. खुणेसाठी असं चिन्ह निवडायचं जे पुस्तकात दुसरीकडे कुठेही नाही, आणि मॅक्रोने नेण्याआधी ते खरंच नाही ना हे तपासायचं. परत आल्यावर प्रत्येक पॅरात टिपांच्या खुणा गेल्या होत्या तेवढ्याच आल्यात का हे मोजायचं, कमी-जास्त असतील तर तो पॅरा सोडून द्यायचा आणि पिवळा रंगवायचा, माणूस बघेल. टेबलं, गणिती सूत्रं, सूचीच्या नोंदी, आणि ज्यात फील्ड, म्हणजे पान क्रमांकासारखा वर्ड स्वतः भरतं तो मजकूर, आहे असे पॅरा, हे मी बाहेर नेतच नाही. फील्ड असलं की दिसणारा मजकूर आणि वर्डच्या आतल्या जागा यांचा हिशोब जुळत नाही, दहावं अक्षर म्हणून जिथे बदल करायला जाल तिथे भलतंच काही असतं. अशा पॅराच्या जागी फायलीत नुसती ⟦बंद⟧ अशी ओळ जाते, म्हणजे ओळींची संख्या कायम राहते.

ओळींची संख्या हा सगळ्याचा कणा आहे. एक पॅरा म्हणजे एक ओळ, त्यामुळे बाराशे पॅरा गेले तर बाराशे ओळी परत यायला हव्यात. तेवढ्या आल्या तर पहिली पहिल्याशी, दुसरी दुसरीशी अशी तुलना करत जायचं. एक जरी कमी-जास्त असेल तर काहीही न करता थांबायचं. पॅरे जोडणं-तोडणं हे काम बाहेर करायचंच नाही, ते वर्डमधे करा, ते तसंही डोळ्यांनी बघूनच करायचं काम आहे. एडिटरमधे ओळ फोल्ड करून दाखवणारा वर्ड रॅप चालू ठेवा, नाहीतर पॅरा एका लांबच लांब ओळीत उजवीकडे पळतो आणि माणूस वैतागून मधे एंटर मारतो.

ओळ सारखीच असेल तर वर्डमधला तो पॅरा तसाच ठेवायचा. तीनशे पानांत साधारण एका फेरीत थोडेच पॅरे बदलतात, त्यामुळे बहुतेक पुस्तकाला धक्काही लागत नाही आणि हाच या पद्धतीचा सगळ्यात मोठा फायदा. ओळ बदललेली असेल तर दोन्हीचे शब्द सुरुवातीपासून जुळवत जायचे, जिथे फरक लागला तिथे थांबायचं, मग शेवटापासून मागे जुळवत यायचं, आणि मधला जो तुकडा उरला तेवढाच बदलायचा. अक्षर-अक्षर जुळवू नका, शब्द-शब्दच जुळवा. देवनागरीत अक्षराच्या मधोमध कापलं जाण्याची भीती असते, र एकीकडे राहिला आणि हलन्त दुसरीकडे, अशा जागी वर्ड कधी फॉन्ट वेगळा लावतं कधी काय, नकोच ते. शब्दाच्या हद्दीवर कापलं की पॅरातलं बाकीचं ठळक-तिरपं, तळटिपा, कॉमेंट सगळं जागेवर राहतं. एकाच पॅरात सुरुवातीला एक आणि शेवटी एक असे दोन बदल झाले तर मधला तुकडा मोठा होतो आणि त्यात तिरपं असेल तर ते जाऊ शकतं, तेव्हा एका फेरीत एकच प्रकारचा बदल करायचा ही सवय चांगली. किंवा मग शब्दांची पूर्ण तुलना करणारा कोड लिहा, पायथॉनमधे डिफलिब नावाचं तयार साधन त्यासाठीच आहे.

आणि एक बारकावा जो विसरला की पॅरास्टाइल जाते: वर्डमधे पॅराचं फॉरमॅटिंग त्या शेवटच्या १३ नंबरच्या खुणेत साठवलेलं असतं. पॅराचा मजकूर बदलताना रेंज, म्हणजे बदलायचा भाग, शेवटी एका अक्षराने आत घ्यायची म्हणजे ती खूण बाहेर राहते. अख्खा पॅरा खुणेसकट बदललात तर शीर्षकाचं रूप पुढच्या पॅराचं होऊन बसतं आणि मग प्रकरणाचं नाव साध्या मजकुरासारखं दिसायला लागतं. बदल शेवटच्या पॅरापासून वर वर करत यायचे, म्हणजे खालच्या बदलामुळे वरच्या जागा हलत नाहीत.

'आण' दाबल्यावर मॅक्रोने सगळ्यात आधी ट्रॅक चेंजेस चालू करायचं. मी हे अजिबात सोडत नाही. बाहेरून आलेला प्रत्येक बदल लाल खुणेसकट दिसतो, लेखकाला किंवा संपादकाला तशीच फाइल पाठवता येते आणि एखादा रेजेक्स जरा जास्तच पसरला असेल तर तिथल्या तिथे नाकारता येतो. मात्र फायलीत आधीचे ट्रॅक केलेले बदल शिल्लक असतील तर नेण्याआधीच त्यांचा निकाल लावा, कारण खोडलेला मजकूरही मॅक्रोला दिसू शकतो आणि तोच बाहेर जातो. वर्ड २०१० पासून अनडू रेकॉर्ड नावाची सोय आहे, ती लावली की आणलेले सगळे बदल एका कंट्रोल-झेडमधे मागे घेता येतात. लिब्रेऑफिसमधे अनडू मॅनेजरचा संदर्भ उघडून तेच होतं.

एडिटर कुठला घ्यावा यावर मराठीपुरतं बोलायचं तर दिसणं हे पहिलं. टर्मिनलमधला व्हिम मला स्वतःला प्रिय आहे पण देवनागरीसाठी नाही, तिथे प्रत्येक अक्षराला ठरावीक चौकट असते आणि जोडाक्षरं-मात्रा त्यात बसत नाहीत, कर्सर एकीकडे आणि अक्षर दुसरीकडे असं होतं. व्हीएस कोड, केट, नोटपॅड प्लस प्लस ठीक आहेत, नोटपॅड प्लस प्लसमधे सेटिंगमधे डायरेक्टराइट ही अक्षरं काढायची विंडोजची सोय चालू आहे का तेवढं बघा. ईमॅक्स २०२० सालच्या २७ आवृत्तीपासून हार्फबझ हे जोडाक्षरं नीट जुळवणारं साधन वापरतो, त्यामुळे त्याच्या खिडकीतली देवनागरी फार सुरेख दिसते, येत असेल तर जरूर वापरा. नोटपॅड प्लस प्लसच्या अलीकडच्या आवृत्त्यांत व्ह्यू मेनूत न दिसणारी चिन्हं दाखवायची सोय आली आहे, वर सांगितलेला जॉइनर त्यात डोळ्याला दिसतो, नुसत्या त्यासाठीही मजकूर बाहेर न्यावा इतकं ते उपयोगाचं आहे.

रेजेक्सबद्दल एक सावधगिरी. 'शब्दाची हद्द' म्हणून जी खूण असते ती मराठीत भरवशाची नाही. काही इंजिनांना फक्त इंग्रजी अक्षरं म्हणजे अक्षरं वाटतात, काहींना क हे अक्षर वाटतं पण त्याची मात्रा वाटत नाही, त्यामुळे 'कर' शोधलं तर 'करी' आणि 'करून' मधलाही कर उचलला जातो. त्याऐवजी हद्द स्वतः लिहायची: (?<![ऀ-ॿ])कर(?![ऀ-ॿ]). म्हणजे आधी आणि नंतर देवनागरीच्या पट्ट्यातलं काही नको. लक्षात ठेवा की या पट्ट्यात दंड आणि मराठी आकडेही येतात.

ते आकडे कुठे नडतात ते विसर्गाच्या उदाहरणात दिसतं. 'दु:ख', 'नि:शब्द', 'अंत:करण' यात कोलन टाइप झालेला असतो. सगळ्या देवनागरी पट्ट्याने शोधलं तर '१०:३०' ही वेळही सापडते आणि तिचा विसर्ग होतो. म्हणून पट्टा आकड्यांच्या अलीकडे थांबवायचा: (?<=[ऄ-ॏ]):(?=[ऄ-ॏ]) आणि बदलीला नुसता विसर्ग. हे मधल्या विसर्गाचं झालं. शब्दाच्या शेवटचा विसर्ग मात्र नियमात बसत नाही, 'स्वत:' आणि 'ते म्हणतात:' दोन्हींचा शेवट त-कोलनच आहे. तिथे यादीच लागते, स्वत:, विशेषत:, साधारणत:, पूर्णत:, वस्तुत:, प्राय:, आणि यादीतले शब्द 'हे किंवा ते' करून एका नमुन्यात. हीच गोष्ट वर्डच्या वाइल्डकार्डात होत नाही.

अवतरणचिन्हांचंही सांगतो, एडिटरमधे टाइप केलेली अवतरणं सरळ असतात आणि मॅक्रोने आत घातलेल्या मजकुरावर वर्डचं ऑटोकरेक्ट चालत नाही, त्यामुळे ती सरळच राहतात आणि बाकीच्या वाकड्यांत उठून दिसतात. बाहेरच वाकडी करून आणा.

फाइल श्रीलिपी, कृतिदेव किंवा जुन्या आयएसएमच्या फॉन्टमधली असेल तर यातलं काहीच करू नका. तिथे मजकूर आतून इंग्रजी अक्षरांचा असतो आणि फक्त फॉन्टमुळे मराठी दिसतो, एडिटरमधे नेला की गिचमिड दिसेल. आधी कन्व्हर्टरने युनिकोड करून घ्या, कन्व्हर्टरच्या चुका मग या पद्धतीने काढायला अतिशय सोयीच्या पडतात, कारण त्या नेहमी एकाच ठरावीक प्रकारच्या असतात.

मॅक्रो नको असेल तर लिब्रेऑफिसमधे आणखी एक रस्ता आहे, दस्तऐवज फ्लॅट एक्सएमएल म्हणजे एफओडीटी प्रकारात सेव्ह करायचा. ती एकच साधी टेक्स्ट फाइल असते, चित्रांसकट सगळं त्यात, एडिटरमधे उघडा, बदला, सेव्ह करा आणि रायटरमधे रीलोड म्हणा. फॉरमॅटिंग जाण्याचा प्रश्नच नाही कारण तेही तुमच्यासमोरच आहे. फक्त शब्द मधेच टॅगने तुटलेले असतात, कारण कुठला तुकडा कधी टाइप झाला याची नोंद रायटर ठेवतं. पर्यायांमधे रायटरच्या तुलनेच्या पानावर ती नोंद बंद करता येते, पण आधी तुटलेले शब्द त्याने जुळत नाहीत, म्हणून काम सुरू करतानाच बंद करा. वर्डचीही डॉकएक्स फाइल म्हणजे आतून झिपच आहे आणि तिच्यातला मजकूर असाच तुटलेला असतो, पण ती हाताने बदलायचा सल्ला मी देणार नाही, एक टॅग चुकला की वर्ड फाइल उघडायलाच नकार देतं.

राहता राहिली फायलींची जागा. 'मूळ' आणि 'काम' या दोन्ही फायली सिस्टीमच्या टेम्प फोल्डरमधे टाकू नका, मूळ दस्तऐवजाच्या शेजारीच एक फोल्डर करा, वीज गेली तरी दिवसभराचं काम सापडतं. आणि हस्तलिखित अप्रकाशित असेल तर काम संपल्यावर त्या फायली आठवणीने काढा, शिवाय नोटपॅड प्लस प्लस सेव्ह न केलेल्या टॅबचीही प्रत स्वतःच्या बॅकअप फोल्डरमधे ठेवतो, तो टॅब बंद करून तिथेही एकदा बघून घ्या, विशेषतः कॉम्प्युटर ऑफिसातल्या चारजणांत मिळून वापरत असाल तर.